‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांचे ऐकण्यापूर्वी

वाचकाचे पत्र, थोडक्यात

बीड जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका वाचकाचे हे पत्र आहे. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, दिवेलागणीच्या वेळी, ते अंबाजोगाईहून स्वतः गाडी चालवत गावाकडे परतत होते. समोरून येणाऱ्या ट्रकचा अप्पर, म्हणजे दिव्यांचा लांबचा झोत, डोळ्यांवर आला, म्हणून त्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडेने चाललेल्या पन्नाशीच्या एका मजूर बाईंना धडक बसली. ते थांबले, मागून येणाऱ्या, त्या बाईंच्याच सुनेला सोबत घेऊन बाईंना दवाखान्यात नेले आणि तेथे आपला मोबाइल नंबरही दिला. बाईंच्या उजव्या नडगीचे हाड मोडले असून पायात रॉड टाकावा लागला आहे. गाडीचा विमा चालू आहे. परंतु वाचकाच्या वाहन परवान्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली आहे. तिसऱ्या दिवशी पत्र लिहीपर्यंत ते पोलिस ठाण्यात गेलेले नव्हते. मेहुण्यांचा सल्ला असा, की सरपंचांच्या बैठकीत ४० हजार रुपये देऊन पाचशेच्या बाँडवर लिहून घ्यावे आणि परवाना चालू असलेल्या दुकानातल्या मुलाचे नाव चालक म्हणून पुढे करावे. पैसे मिळाले की सूनही तसेच सांगेल. ‘यात बाईंचेही भलेच आहे, विम्याचे पैसे अडणार नाहीत,’ असे मेहुणे म्हणतात. वाचकांच्या पत्नीला रुग्णालयात भेटायला जावेसे वाटते. ओळखीचे एक वकील मात्र म्हणतात, की भेटायला गेलात तर गुन्हा कबूल केल्यासारखे होईल. ‘मला झोप लागत नाही. मी काय करावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातला तातडीचा भाग, म्हणजे ‘आजच ठाण्यात जा आणि गाडी मीच चालवत होतो असे सांगा’, हा पत्र मिळताच मी तुम्हाला कळवला होता. त्यामागची कारणे आणि तुम्ही विचारलेले बाकीचे मुद्दे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण याच पेचाची पत्रे मराठवाड्याच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातून येतात आणि त्या सगळ्यांत ‘मिटवून टाका’ हा शब्दप्रयोग हमखास असतो.

प्रथम, जे तुम्ही केले ते नीट केले. तुम्ही थांबलात आणि बाईंना दवाखान्यात पोहोचवलेत. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकावर जी कर्तव्ये टाकते, त्यांतले पहिले हेच आहे. परंतु त्याच कलमात आणखी दोन कर्तव्ये आहेत आणि ती तुमच्याकडून राहून गेली. घटनास्थळी पोलिस नसतील, तर शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात जाऊन हकीकत सांगणे, हे दुसरे; आणि विमा कंपनीला पॉलिसीचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण, जखमी व्यक्तीचा तपशील आणि चालकाचे नाव व परवान्याची माहिती लेखी कळवणे, हे तिसरे. २४ तास उलटून गेले, हे खरे आहे आणि त्याची विचारणा होईल. तरीही उशिरा स्वतःहून गेलेला माणूस आणि शोधून आणलेला माणूस यांच्यात तपास करणारा अधिकारीही फरक करतो आणि न्यायालयही करते.

तुम्ही लिहिता, की ‘ठाण्यात गेलो तर केस वाढेल.’ केस तुमच्या जाण्याने सुरू होत नाही. अपघाताचा रुग्ण रुग्णालयात दाखल झाला, की तेथून एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद पोलिसांकडे जातेच. तुमच्या न जाण्याने थांबते ते वेगळेच काही. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये लागू केलेल्या रोकडरहित उपचार योजनेत रस्ते अपघातातील जखमींना अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार योजनेतील रुग्णालयांत मोफत मिळतो. मात्र हा अपघात रस्त्यावर वाहनामुळेच झाला, याची पुष्टी पोलिसांकडून यावी लागते. पुढची भरपाईही पोलिसांच्या अपघात अहवालावरच उभी राहते, आणि २०२२ पासूनच्या नियमांनुसार त्यातला पहिला अहवाल ४८ तासांत अपघात-भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जायला हवा. तुम्ही घरी बसून काढलेले ते दिवस तुमच्यापेक्षा त्या बाईंना महाग पडू शकतात. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. पुढचा एकेक दिवस का मोलाचा आहे, ते कळावे म्हणून लिहिले.

आता मेहुण्यांच्या युक्तिवादाकडे येतो, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत वजनदार आणि म्हणूनच सर्वांत फसवा भाग तोच आहे. तुमचा परवाना संपलेला असल्यामुळे विमा कंपनी हात वर करील आणि बाईंना काहीच मिळणार नाही. मुलाचे नाव पुढे केले तर कंपनी पैसे देईल. म्हणजे खोटे बोलण्यात त्यांचेच हित आहे, असे ते म्हणतात. ऐकायला हे दयाळूपणाचे वाटते. पण वस्तुस्थिती तशी नाही. परवान्यात दोष असला, तरी तिऱ्हाईत जखमीला वाऱ्यावर सोडता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात सविस्तर मांडली. अशा प्रकरणांत कंपनीने जखमीला आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरणे सहसा देतात. याचा अर्थ असा, की खरे सांगितल्याने बाईंचे पैसे बुडत नाहीत. बुडालेच तर तुमचे बुडतात. मेहुण्यांच्या योजनेतून जो वाचतो, तो फक्त मालक. हे एकदा स्पष्टपणे स्वतःशी मान्य केलेत, तर पुढचा निर्णय फारसा अवघड उरणार नाही.

तुमच्यावर वसुली येईलच, असेही मी म्हणत नाही. मुदत संपलेला परवाना आणि कधीच न काढलेला परवाना यांत फरक आहे, आणि त्या त्रुटीचा अपघाताशी काही संबंध होता का, हा प्रश्न त्याच निकालाच्या आधारे तुमचे वकील विचारू शकतात. परवान्याचे नूतनीकरण आता करून घ्याच, मुदत संपल्यापासून वर्षभरात ते होते. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते नूतनीकरणाच्या तारखेपासूनच लागू होते, मागील तारखेने अपघाताचा दिवस झाकला जात नाही. ‘आरटीओत ओळख आहे, जुन्या तारखेने करून देतो’ म्हणणारा एखादा एजंट याच आठवड्यात तुम्हाला भेटेल, असा माझा अंदाज आहे. त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि त्या दुकानातल्या मुलाचे काय? तुमच्या पूर्ण पत्रात त्याच्याबद्दल एकच वाक्य आहे, ‘तो तयार आहे’. तो तुमच्याकडे पगारावर आहे; ‘तयार नाही’ असे म्हणण्याची त्याची कितपत सोय आहे, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे. बेदरकार किंवा निष्काळजी कृतीने ती झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ नुसार तीन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते, आणि निष्काळजी वाहन चालवण्याचे कलम २८१ त्याच्या जोडीला लागते. उद्या त्याला पोलिस पडताळणी लागणारी नोकरी मिळत असेल, तर हा गुन्हा त्याच्या नावावर असेल. शिवाय गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हा कलम २३८ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात तुम्ही, मेहुणे, तो मुलगा आणि पैसे घेऊन खोटे सांगणारी सून, असे चौघेही ओढले जाल. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये झालेल्या अपघातानंतर घरच्या चालकाने दोष स्वतःवर घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याचा आरोप झाला, आणि मूळ गुन्ह्याच्या शेजारी दुसरा गुन्हा उभा राहिला, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. तुमच्या बाबतीत तर दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर धरून तुम्हीच उभे होतात, आणि तेथे दिलेला नंबर तुमचाच आहे.

याच्या तुलनेत खरे सांगण्याची किंमत मोजून पाहा. वर सांगितलेली १२५ आणि २८१ ही दोन्ही कलमे जामीनपात्र आहेत, त्यामुळे जामीन हा तुमचा हक्क आहे. वैध परवान्याशिवाय गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे काही किरकोळ नाही, तारखांना जावे लागेल, आणि शेवट काय होईल ते न्यायालय ठरवील. पण हे सर्व एका अपघाताचे परिणाम आहेत. मेहुण्यांचा मार्ग धरलात, तर अपघात बाजूला राहून कटाचा हिशेब द्यावा लागेल.

सरपंचांच्या बैठकीविषयी मला अधिक बोलायचे आहे. गावातले भांडण गावात मिटवण्याची आपली रीत वाईट आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. बांधाचे आणि पाण्याचे किती तरी तंटे त्याच रीतीने सुटले आहेत. पण या बैठकीत कोण कोण बसणार, ते डोळ्यांपुढे आणा. सरपंच, तुमचे मेहुणे, दोन-चार बागायतदार, आणि समोर त्या बाईंचा मुलगा किंवा नवरा. बाई स्वतः तेथे नसतील, त्या रुग्णालयातल्या खाटेवर असतील. ज्यांच्या रानात त्या रोजाने जातात, तेच लोक सतरंजीवर बसून रक्कम सांगत असताना ‘परवडत नाही’ असे त्यांच्या माणसाने कोणत्या तोंडाने म्हणावे? त्याने मान हलवली, तर तिला संमती समजू नका.

४० हजारांचा आकडाही असाच हवेतून आलेला आहे. नडगीत रॉड टाकलेला माणूस काही महिने निंदण-खुरपणाला वाकू शकत नाही. हंगाम बुडतो, सांभाळायला घरातले आणखी एक माणूस अडकते म्हणजे त्याचाही रोज बुडतो, रॉड पुढे काढावा लागला तर पुन्हा दवाखाना, आणि पाय पूर्ववत वळला नाही तर कायमची कमाई घटते. आज, टाके ओले असताना, यांतले काहीही मोजता येत नाही. उलट मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी, चूक कोणाची हे सिद्ध न करताच, अडीच लाख रुपयांची तरतूद आहे. आणि कलम १६६ खाली बुडालेली मजुरी, उपचार, वेदना व अपंगत्व यांचा हिशेब मांडून त्याहून अधिकही मागता येते. हा दावा सहा महिन्यांच्या आत करावा, अशी तरतूद आहे. बाँडवर अंगठा घेऊन आपण त्यांना नेमके याच वाटेवरून परत फिरवतो. आणि फौजदारी गुन्हा दोन घरांनी कागद केला म्हणून संपत नसतो, त्यामुळे ज्या सुटकेसाठी तुम्ही ४० हजार देणार, ती सुटकाही तुम्हाला मिळत नाही. ज्यांना तडजोडच हवी आहे, त्यांच्यासाठी लोकअदालत आहे. तेथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकुमाचे बळ असते, आणि जखमीच्या बाजूने वकील उभा असतो.

तो वकील त्यांना परवडणार नाही, असे तुम्हाला वाटेल. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो; १९८७ च्या कायद्यानेच तो हक्क दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. ही माहिती त्यांच्यापर्यंत तुम्ही पोहोचवावी, असे मी सुचवतो. ‘माझ्याच विरुद्ध दावा लावायला मीच सांगू?’ असा प्रश्न पडेल. होय. तुम्ही वर्षानुवर्षे विम्याचा हप्ता भरलात, तो अशाच दिवसासाठी भरलात.

भेटायला जावे की नाही, यात तुमच्या पत्नीचे मन योग्य सांगते आहे. मात्र वकिलांच्या सावधगिरीतही तथ्य आहे, तेवढे समजून घ्या. विमा पॉलिसीच्या अटींत कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये किंवा रकमेचे वचन देऊ नये, असे लिहिलेले असते. म्हणून तेथे ‘चूक माझीच’ किंवा ‘चूक तुमचीच’ हा विषयच काढू नका आणि कोणताही आकडा बोलू नका. ‘माझ्या गाडीचा धक्का लागला, तुमची तब्येत कशी आहे?’ एवढे म्हणण्याला कोणतीही अट आड येत नाही. पोलिसांकडे हकीकत सांगून झाल्यावर जा. दोन्ही घरांना ओळखणाऱ्या एखाद्या शांत माणसाला, शक्यतो गावातल्या आशाताईंना किंवा जुन्या शिक्षकांना, सोबत न्या. मेहुण्यांना नेऊ नका. जाण्याआधी निरोप पाठवा, आणि ‘येऊ नका’ असे उत्तर आले तर ते माना. रागावण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. गेल्यावर फळांच्या पिशवीपेक्षा एक साधा प्रश्न उपयोगी पडेल: सोबत राहणाऱ्याचे जेवण, गाव ते रुग्णालय जाणे-येणे, बाहेरून आणावी लागणारी औषधे, घरी बांधलेली जनावरे, यांतले काय अडले आहे? तेवढी मदत करा, आणि पैसे द्यायचेच असतील तर वकिलांना विचारून, खात्यावर, ‘उपचारासाठी मदत’ अशा नोंदीने द्या. त्या बदल्यात कसलीही सही मागू नका.

एक गृहीतक उरले. पत्रात तुम्ही दोन ठिकाणी लिहिले आहे, की ‘बाई अचानक आत आल्या’. तसे झालेही असेल. पण आपल्याकडची ती कड आठवा. साईडपट्टी खचलेली, तिच्यावर वेड्या बाभळीच्या फांद्या आलेल्या, म्हणून चालणारा डांबरावरच चालतो. डोक्यावर भारा असला की मान वळत नाही, दोन्ही बाजूंचे दिसत नाही, मागून येणारी गाडी फक्त ऐकू येते, आणि समोरून ट्रक येत असताना तीही ऐकू येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सतरा मीटर पुढे जाते. डोळे दिपलेले असताना त्या सतरा मीटरांत काय आहे ते चालकाला ठाऊक नसते. अप्पर अंगावर आला की गाडी डावीकडे घ्यायची, ही आपल्या सर्वांच्या हाताची सवय आहे. खरे तर तेव्हा आधी वेग उतरवायला हवा, कारण डावीकडेच माणसे चालत असतात. ऊसतोडीच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, नवरात्रानंतर तुळजापूरकडे रात्रभर चालणारे भाविक, यांच्यामुळे हे पुढचे काही महिने अधिकच जपावे लागेल. जबाब देताना मात्र वेगाचा अंदाज ठोकू नका आणि बाईंवर ढकलूही नका. जे दिसले ते दिसले, जे दिसले नाही ते दिसले नाही, असेच सांगा.

ज्यांच्यावर असा प्रसंग आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे लिहितो. गाडी थांबवून पार्किंगचे दिवे लावा, १०८ ला किंवा ११२ ला फोन करा. जखमीला हात-पाय धरून उचलून जीपमध्ये टाकण्याची घाई करू नका, मानेला किंवा मणक्याला मार असेल तर त्यानेच कायमचे नुकसान होते; रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी पाणी पाजू नका. जमाव अंगावर येत असेल तर तेथे न थांबण्याची मुभा कलम १३४ मध्येच आहे, पण तेथून निघून थेट ठाणे गाठायचे, घर नव्हे, आणि वाटेतच रुग्णवाहिकेला फोन करायचा. मदतीला धावणाऱ्या तिऱ्हाइतांनी तर अजिबात भिऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४ अ त्यांना संरक्षण देते, आणि त्यांच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

झोपेबद्दल: डोळे मिटले की तो भारा रस्त्यावर विखुरलेला दिसतो, असे तुम्ही लिहिले आहे. असे काही आठवडे होऊ शकते. तोवर रात्रीची गाडी चालवू नका, आणि कमी होत नसेल तर १४४१६ या, टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

गॅरेजवाले मित्र फुटलेला आरसा आणि चेपलेला पत्रा लगेच दुरुस्त करून देतो म्हणतात, त्यांना थांबवा. पंचनामा आणि आरटीओची तपासणी होईपर्यंत गाडी आहे तशीच राहू द्या. पोलिसांनी ती ताब्यात घेतली तरी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, परत मिळते. विमा कंपनीला लेखी कळवून पोचपावती घ्या, आणि त्या पत्रात चालकाच्या नावापुढे तुमचे नाव, परवान्यापुढे मुदत संपल्याची खरी तारीख लिहा. आणि या सगळ्याच्या आधी, आज दुकान उघडताच, त्या मुलाला बोलावून सांगा, की त्याचे नाव कोणत्याही कागदावर जाणार नाही.